विचारा काकूंना : पितृपक्षात उदयपूर

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की दिवाळीत उदयपूरला जाणं म्हणजे दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी बडोद्याच्या मांडवीत, त्या गर्दीत, झेंडू आणायला जाणं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी लोणची, सुना आणि गुडघेदुखी बाजूला ठेवून फक्त तलावांबद्दलच लिहिते. (गुडघा मध्ये येतोच, पण तो वाचकांचा.)

माझा अधिकार एवढाच की लेक २००६ साली उदयपुरात दिली. जावई तिथल्या जस्ताच्या कारखान्यात आहेत आणि घर फतेहसागर तलावापासून चालत दहा मिनिटांवर. बाळंतपणं, आजारपणं, व्याह्यांची साठी, नातवाची मुंज अशा निमित्तांनी वर्षाचा एकही महिना असा नाही की मी तिथे नव्हते. पर्यटक म्हणून मी गेलेच नाही कधी. म्हणून जे दिसलं ते सांगते.

काकू, आमचं राजमहाल रोडला दुकान आहे. हे वर्षातून एकदाच मोकळे होतात, दिवाळी ते लाभपंचमी. मुलं सात आणि अकरा वर्षांची. तुम्ही तर दिवाळीवर काट मारलीत. मग आम्ही जायचंच नाही का? — मांजलपूरची एक वाचक

ताई, काट मारली नाही, पण तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. लाभपंचमीपर्यंत दुकान तुमचंच नाही, सगळ्या गुजरातचं बंद असतं. म्हणजे बडोदं, अहमदाबाद, सुरत, राजकोट एकाच चार दिवसांत घराबाहेर पडतं, आणि त्यातल्या निम्म्यांना शामळाजीवरून पुढे जायचं असतं. रतनपूरची सीमा ओलांडून राजस्थानात शिरल्यावर काही गाड्या पहिल्याच वळणावर का थांबतात ते मी इथे लिहीत नाही, मुलं वाचतात. आपल्याकडून उदयपूर साधारण साडेतीनशे किलोमीटर. पहाटे पाचला एक्सप्रेस-वे धरला तर एरवी जेवायच्या आत लेकीच्या दारात. एका भाऊबीजेला आम्हाला रात्रीचे साडेआठ झाले. थेपले संपले, लीलो चेवडो संपला, आणि खेरवाड्याच्या पुढे ह्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं, जणू रस्ता मीच अडवला होता.

त्याच खेपेची आणखी एक गोष्ट. लेकीकडे पाहुणे असल्यामुळे आम्ही जुन्या शहरात खोली घेतली होती. फोनवर दोनदा विचारलं, तलाव दिसतो ना? "बिल्कुल लेक व्ह्यू, माताजी." खोलीत खिडकी होती, तिच्यासमोर शेजारच्या घराची पाण्याची टाकी. पोराला बोलावलं. तो गंभीरपणे न्हाणीघरात गेला, बादली पालथी घातली, तिच्यावर चढला आणि झरोक्यातून बोट दाखवलं. मीही चढले. दोन गच्च्यांच्या मधे रुमालाएवढा पिछोला तलाव दिसला. खोटं काहीच नव्हतं हो! तेव्हापासून मी 'दिसतो का' असं विचारत नाही. 'पलंगावर बसून दिसतो का' असं विचारते, आणि खिडकीचा फोटो मागवते.

दिवाळीतच जायचं असेल तर जगदीश चौकात उतरू नका. त्या गल्ल्या घोड्यांसाठी आखलेल्या, त्यांत आपल्या सात सीटच्या गाड्या. फतेहसागरच्या बाजूला किंवा शहराबाहेर राहा. सिटी पॅलेस उघडताच आत शिरा, अकराच्या आत बाहेर या. मग दोन दिवस शहराकडे पाठ करून राजसमंद आणि जयसमंद करा. राजसमंद उत्तरेला साधारण पासष्ट किलोमीटर, वाटेत नाथद्वारा. महाराणा राजसिंहांनी दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सतराव्या शतकात हा बांध घातला. बांधावरच्या नौचौकीत संगमरवराचं कोरीवकाम आहे, आणि पंचवीस शिळांवर कोरलेली राजप्रशस्ती, सगळी संस्कृतात. अकरा वर्षांच्याला सांगा की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या तलावावर विमानं उतरायची, पाण्यावर! माझा नातू ते ऐकून अर्धा तास आकाशाकडे बघत बसला होता.

आता खरं मनातलं सांगू का? एक वर्ष दिवाळी सोडा आणि पितृपक्षात जा. दचकू नका. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी हे वाचून अंकच फाडला असता. पण हिशेब बघा. मेवाडचे हे तलाव देवाने दिलेले नाहीत, माणसांनी बांध घालून अडवलेलं पावसाचं पाणी आहे. पाऊस झाला तर तलाव, नाहीतर खड्डा. आषाढापासून पाणी यायला लागतं, आणि चांगल्या वर्षी श्रावण-भाद्रपदात पिछोला आणि फतेहसागर काठोकाठ होतात. म्हणजे गणपती विसर्जन झालं की डोंगर हिरवे, तलाव भरलेले, हवा अंगाला न चिकटणारी. आणि नेमके हेच पंधरा दिवस आपल्याकडे कोणी शुभकार्य काढत नाही, गुजराती माणूस खरेदी करत नाही, नवरात्र सुरू झाल्यावर तर बडोद्याचा माणूस गरबा सोडून हलतच नाही. हॉटेलं ओस. गेल्या खेपेला आमच्या शेजाऱ्यांना दिवाळीतल्या भावाच्या निम्म्याहून कमीत खोली मिळाली, पलंगावर बसून तलाव दिसणारी. तुमच्या घरची तिथी असेल त्या दिवशी श्राद्ध करा, कावळ्याला घास ठेवा, दुसऱ्या दिवशी निघा. पितरांनी कधी पर्यटनाला हरकत घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. यजमानांना म्हणावं, पंधरवड्यात गिऱ्हाईकही कमी असतं, तीन दिवस शटर ओढलं तर काही बुडत नाही.

तलाव भरून सांडायला लागला की तिथे म्हणतात 'चादर चल गई'. पाणी बांधाच्या कडेवरून सलग, पातळ, खरोखर चादर अंथरावी तसं उतरतं. स्वरूपसागर तलावाचे दरवाजे उघडले की अख्खं गाव स्कूटरवरून ते बघायला जातं. आमचे जावई एरवी घड्याळावर चालणारे, पण त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच टाकून उठले. व्याही सोडावॉटरच्या बाटलीसकट. मला वाटलं काही दुर्घटना झाली. लेक म्हणाली, "आई, चप्पल घाल, चादर चालली." फतेहसागरच्या पाळीवर तेव्हा मक्याच्या कणसांचे गाडे लागलेले असतात. नवा मका, निखाऱ्यावर भाजलेला, लिंबू-मीठ चोळून. पोरांना घोड्यावर बसवण्यापेक्षा हे द्या.

मे महिन्याच्या सुट्टीत गेलं तर? — कारेलीबागेतून एक आजोबा

नका जाऊ आजोबा. पारा चाळिशीच्या वर, आणि तलाव वर्षातले सगळ्यात रोड. पावसाने ओढ दिल्यानंतर २००९ च्या उन्हाळ्यात पिछोल्याच्या तळाला मुलं क्रिकेट खेळताना मी पाहिली, मधोमध तो पांढरा महाल, जमिनीवर अडकलेल्या बोटीसारखा. आता दुसऱ्या खोऱ्यातलं पाणी बोगद्याने पिछोल्यात आणतात, त्यामुळे तशी वेळ सहसा येत नाही. तरी दुपारी बाहेर पडता येत नाही ते नाहीच. नातवंडांना आपल्या जवळच्या आजव्याच्या तलावावर न्या.

आमच्या महिला मंडळाची सहल काढायची आहे. पंधरा जणी, सगळ्या पन्नाशीपुढच्या. उदयपूरला बायकांची जत्रा भरते म्हणतात, ती कधी? — दांडिया बाजार

भरते, आणि तुम्ही जायलाच हवं. आपली आषाढ अमावास्या, दिव्याची अवस, तीच त्यांची हरियाली अमावस. त्यांचा महिना पौर्णिमेनंतर बदलतो, म्हणून ते तिला श्रावणातली म्हणतात. घोटाळा नको, दिवस एकच. मेळा दोन दिवसांचा, फतेहसागरची पाळ आणि सहेलियों की बाडी यांच्या मधल्या रस्त्यावर. पहिला दिवस सगळ्यांचा. दुसरा दिवस फक्त बायकांचा, पुरुषाला प्रवेश नाही. महाराणा फतेहसिंहांच्या वेळेपासून ही रीत आहे म्हणतात. हा तलावाचा बांधही त्यांनीच नव्याने घातलेला.

मी लेकीबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा विहीणबाई बरोबर होत्या. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई. आत शिरल्या, पाच रुपयांची पिपाणी घेतली आणि माझ्या कानात वाजवली. सगळीकडे लहरियाच्या साड्या, हिरव्या-पिवळ्या, वाऱ्यावर. पोलीससुद्धा बाया. आकाशपाळण्यात सत्तर वर्षांच्या आजीबाई किंचाळत होत्या, खाली कोणी 'अहो जपून' म्हणणारं नव्हतं. मालपुवे खाल्ले, पावसात भिजलो, आणि घरी आलो तर पुरुषमंडळी स्वतःचा चहा करून बसलेली.

सोयीचं बोलायचं तर दिवे आदल्या दिवशीच घासून पुसून ठेवा आणि पहिल्या संध्याकाळी मुक्कामावरच लावा. कणकेचे दिवे आम्ही लेकीच्या गॅलरीत लावले होते. पावसाची हमी नाही. काही वर्षी अमावास्येपर्यंत तलाव अर्धाच असतो. छत्री न्याच, पण चपला पट्ट्याच्या घाला, पाळीवर निसरडं होतं. पंधरा जणींना गाडीपेक्षा रेल्वे बरी. अहमदाबादच्या असारव्याहून हिंमतनगरमार्गे उदयपूरची ब्रॉडगेज ३१ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. पण लक्षात ठेवा, आपली बडोद्याची गाडी अहमदाबादच्या मुख्य स्टेशनला, कालुपूरला उतरवते आणि असारवा हे वेगळं स्टेशन आहे. मध्ये रिक्षा लागते. वांद्रे-उदयपूर गाडी थेट बडोद्यावरून जाते, रतलाम-चित्तोडगड असा वळसा घेऊन, पण ती रोज नाही.

आम्ही दोघं पंचाहत्तरीची. ह्यांचा एक गुडघा बदललेला आहे. थंडीत जावं की चैत्रात? आणि महाल चढवेल का? — निजामपुरा

दोन्ही चालेल, पण डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत नको. २१ ते ३० डिसेंबर शिल्पग्रामचा उत्सव असतो, वर नाताळ, वर नवं वर्ष. उत्सव सुंदर आहे, गुडघ्याला मात्र नाही. संक्रांत झाली की जा. रात्री चांगलंच गारठतं, स्वेटर-मोजे न्या. बडोद्याची शाल तिथे पुरत नाही.

चैत्राचं एक विशेष. ज्या दिवशी आपण चैत्रगौर पाळण्यात बसवतो त्या चैत्र शुद्ध तृतीयेला उदयपुरात गणगौर. गौरी आणि ईसर, म्हणजे शंकर, अशा लाकडी मूर्ती नटवून बायका डोक्यावरून मिरवत गणगौर घाटावर आणतात, पिछोल्याच्या पाण्यापाशी. आमची लेक सकाळी घरी कैरीची डाळ-पन्हं करून हळदीकुंकू उरकते आणि संध्याकाळी घाटावर जाते. तिला विचारलं तुझी गौर कुठली, तर म्हणते, माहेरची पाळण्यात, सासरची पाण्यात. घाटाच्या पायऱ्यांवर गर्दी उसळते, तुम्ही पलीकडच्या अंबराई घाटावरून बघा. तिथून सगळं सपाटीवर दिसतं.

सिटी पॅलेस चढवेल असं मी म्हणणार नाही. जिने अरुंद, पायऱ्या उंच, आणि मागून लोंढा येत असतो, थांबता येत नाही. खालचा चौक आणि त्रिपोलिया दरवाजा पाहून ह्यांना बाकावर बसवा. तुम्ही एकट्या वर जा. वर कृष्णविलास म्हणून दालन आहे, राजकन्या कृष्णाकुमारीच्या स्मरणार्थ. तिच्या लग्नावरून जयपूर-जोधपूर भांडले आणि १८१० साली तिला विष घ्यावं लागलं. इथे गाइड हमखास मराठ्यांचं नाव घेतो. शिंदे-होळकरांनी मेवाडकडून कशी खंडणी उकळली ते सांगतो, आणि ते खरंच आहे. आम्ही आपलं छताकडे बघतो. एकदा ह्यांनी मध्येच "हम भी मराठी हैं" म्हणून टाकलं. गाइड हसून म्हणाला, "कोई बात नहीं साहब, अब तो टिकट लेकर आए हैं."

करणीमातेच्या टेकडीला रोपवे आहे, दूधतलाईपाशी. सूर्यास्ताच्या तासभर आधी तिकीट काढा. संध्याकाळी सातला बागोर की हवेलीत नाच आणि कठपुतळ्या असतात. बहुतेक बैठक खाली जमिनीवर, म्हणून लवकर जाऊन कडेची खुर्ची धरा. डोक्यावर घड्यावर घडा रचून नाचणारी बाई सगळ्यात शेवटी येते. तोवर उठू नका.

मी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते. मैत्रिणींबरोबर पक्षी बघायला जायचं आहे, पण घरचे म्हणतात उदयपूर म्हणजे फक्त महाल. — एक विद्यार्थिनी

घरच्यांना मेनार दाखव. उदयपूरच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर गाव, दोन तळी, धंड आणि ब्रह्म. तिथे गावकरी शिकार करू देत नाहीत, आणि तेही कोणी सरकारी माणसाने सांगायच्या आधीपासून. २०२५ च्या जूनमध्ये मेनारला रामसर पाणथळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत उदयपूरला पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली होती, इंदूरच्या जोडीने, देशातली पहिली दोन. (इंदूरची माझी बहीण हे महिनाभर ऐकवत होती, आता मीही ऐकवते.) नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राजहंस हिमालय ओलांडून येतो, तो बघ. उजाडायच्या आत पोचा, गडद कपडे घाला, आणि बांधावर बसून राहा. मला पक्ष्यांतलं फारसं कळत नाही, पण त्या पहाटे शेकडो पंख एकदम उठले तेव्हा बिस्किटाचा पुडा हातातून पाण्यात पडला. तो वाया गेला याचं अजून वाईट वाटतं.

काकू, मागे तुम्ही लिहिलंत की उदयपूरच्या तलावांचं पाणी आपल्या मही नदीत येतं. मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली आहे. हे चूक आहे. — एक निवृत्त अभियंता, फतेहगंज

साहेब, चूक कबूल. जावयांना नकाशा घेऊन बसवलं. पिछोला-फतेहसागरचं सांडलेलं पाणी आयड नदीतून उदयसागरात जातं, पुढे बेडच, बनास, चंबळ, यमुना. म्हणजे ते आपल्याला पाठ दाखवून गंगेला मिळतं. माझा घोटाळा गोमतीने केला. तिथे दोन गोमत्या आहेत. राजसमंद अडवला ती एक गोमती, ती बनासकडे जाते. जयसमंद अडवला ती दुसरी.

पण अर्धे गुण मला द्या. ही दुसरी गोमती सोम नदीला मिळते, सोम बेणेश्वरला महीला, मही कडाणा धरणातून वणाकबोरीच्या बंधाऱ्यावरून आपल्या दाराशी. आणि महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं (वाळूखालचं पाणी ओढणाऱ्या) पाणी बडोद्याच्या नळाला येतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्हीच सोडत होतात ते. महाराणा जयसिंहांनी सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला जयसमंद भरून वाहिला तर त्यातला पेलाभर कधीतरी माझ्या स्वयंपाकघरात पोचत असणारच.

जयसमंदला मी पितृपक्षातच गेले होते. उदयपूरपासून आग्नेयेला पन्नासेक किलोमीटर. बांधावर पांढरे दगडी हत्ती सोंड वर करून रांगेने उभे, छत्र्या, मध्ये महादेवाचं देऊळ. पलीकडचा काठ दिसत नाही. बेटांवर भिल्लांची वस्ती, त्यांची पोरं शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन होडीतून येत होती. आमच्याशिवाय बांधावर एक चहावाला आणि वानरांचं कुटुंब. ह्यांनी सासऱ्यांच्या नावाने ओंजळभर पाणी सोडलं. मी म्हटलं, सोडा सोडा, आठ दिवसांनी घरी पोचेल. साहेब, किती दिवस लागतात ते तेवढं हिशेब करून कळवा, कडाण्याचे दरवाजे उघडे आहेत असं धरून.